आमच्या दारातले एकशेऐंशी मीटर

मी शाळेत भूगोल शिकवते. नकाशाचं प्रमाण, अंतर, दिशा हे पोरांना सांगून सांगून दर वर्षी माझा घसा बसतो. तरीही आमच्या स्वतःच्या दारातला रस्ता कुणाचा, हे मला दीड वर्ष कळलं नाही. आणि घरात ज्या एका माणसाला ते कळलं होतं, त्या माझ्या बाबांना मी ‘तुम्ही गप्प बसा हो’ म्हणून गप्प बसवलं होतं. ही गोष्ट सांगताना आजही मला स्वतःचा राग येतो, पण सांगायची तर ती तिथूनच सांगायला हवी.

आमचं घर भांडुपला, डोंगराच्या पायथ्याशी. घर ताईचं, मी आणि बाबा तिच्याकडे राहतो. खालच्या हमरस्त्यावर सिग्नल आहे, तिथून आमचा रस्ता निघतो आणि चढत चढत वरच्या वस्तीपर्यंत जातो. सिग्नलपासून बऱ्याच अंतरापर्यंत तो अगदी झकास आहे, काळाभोर, गुळगुळीत. वस्तीजवळचा भागही चांगला, दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी येऊन डांबर टाकून जातं. मधला तुकडा मात्र उघडाबोडका होता. खडी वर आलेली, मधोमध नाला कापत गेलेला, आणि खड्डे असे की रिक्षावाले तुकडा सुरू व्हायच्या आधीच ब्रेक दाबून म्हणायचे, “मॅडम, इधरही उतरो, आगे गाडी का पाटा टूटेगा.” आमचं दार बरोबर या तुकड्याच्या मध्यावर.

दुसऱ्या कुणासाठी ही फक्त कटकट असती. ताईसाठी तसं नव्हतं. ताईचा डावा पाय लहानपणापासून लुळा आहे. कुबड्यांवर ती घरात, ऑफिसात फिरते, पण बाहेर तिचे पाय म्हणजे तिची स्कूटर, मागे दोन जादा चाकं लावलेली. त्या स्कूटरवर ती रोज घाटकोपरला विमा कंपनीच्या ऑफिसात जायची आणि यायची, कुणाची मदत न घेता. आमची आई गेल्यावर मला शिकवलं तिने, हे घर घेतलं तिने, बाबांना गावाहून आणलं तिने. त्या तुकड्यात ती एकदा घसरली तेव्हा हसली. दुसऱ्यांदा स्कूटर तिच्या अंगावर आली आणि मनगट मोडलं, तेव्हा मात्र हसली नाही.

प्लॅस्टर निघालं त्या संध्याकाळी तिने जेवता जेवता सांगितलं, “चेंबूरला एका बाईंकडे खोली बघितलीये. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या ओळखीची. तळमजला आहे, रस्ता सपाट आहे. मे महिना संपला की मी तिकडे जाते.”

“आणि हे घर?”

“तुम्ही राहा ना. घर कुठे पळतंय?”

मला ओरडावंसं वाटलं. आपल्याच घरातून माझ्या बहिणीला एक रस्ता हाकलून लावत होता, आणि ती ते इतक्या शांतपणे सांगत होती, जसं काही भाजी बदलायची आहे.

ती पहिल्यांदा घसरली तेव्हापासूनच मी अर्ज करत होते. आमच्या रस्त्याचा खालचा भाग एका खात्याकडे आणि वरचा भाग दुसऱ्या खात्याकडे आहे, एवढं मला खिडक्या-खिडक्यांवर फिरून कळलं. खालच्या खात्याला लिहिलं. उत्तर आलं, सदर लांबी या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. वरच्या खात्याला लिहिलं. उत्तर आलं, सदर लांबी या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. शब्द न् शब्द तोच. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून खालच्या खात्याच्या खिडकीवर जाऊन भांडले. वरच्या खात्याच्या खिडकीवरही भांडले. तिथल्या शिपायाने मला पाणी दिलं आणि म्हणाला, “मॅडम, कागदावर तर तो तुकडाच नाहीये.” मला वाटलं, माझी चेष्टा करतोय.

आता बाबांविषयी. बाबा साताऱ्याकडे रस्त्याच्या कामावर होते. त्यांच्या नोकरीचं नाव मैलकुली. प्रत्येक मैलकुलीला रस्त्याचा ठरावीक तुकडा वाटून दिलेला असायचा. त्यातले खड्डे मुरूम-खडीने भरायचे, कडेची गटारं मोकळी करायची, बाजूच्या पट्ट्यावरचं गवत काढायचं, साहेबांची पाहणी यायच्या आधी किलोमीटरचे दगड चुन्याने रंगवायचे. बाबांच्या वाट्याला आठ किलोमीटर होते. तीस वर्षं त्यांनी तेच आठ किलोमीटर सांभाळले. लहानपणी आम्ही बसने कुठे निघालो की ते खिडकीतून दगड दाखवायचे. “डोकं बघ दगडाचं. पिवळं डोकं म्हंजे राष्ट्रीय महामार्ग. हिरवं म्हंजे राज्याचा. काळं म्हंजे जिल्ह्याचा. परतेक रस्त्याला नंबर असतो, बाय. नंबर असला की वहीत नाव, वहीत नाव असलं की डांबर.” बिननंबरचा रस्ता त्यांच्या हिशेबी रेशनकार्ड नसलेल्या घरासारखा होता, आहे तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, पण त्याच्या वाट्याला काही येत नाही.

शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारायचे तेव्हा मी ‘सरकारी नोकरी’ लिहायचे. खोटं नव्हतं ते. पण वर्गातल्या एका मुलीने “म्हणजे नक्की काय?” असं विचारलं, तेव्हा मी “ऑफिसात” असं म्हणाले होते, आणि ते साफ खोटं होतं. मुंबईत नोकरी लागल्यावरही मी तेच चालवलं.

मुंबईला आल्यापासून बाबा रोज सकाळी काठी घेऊन फिरायला जायचे. आधी वरच्या वस्तीकडे, मग कंटाळून खाली सिग्नलकडे. मी अर्जांवर अर्ज खरडत होते त्या दिवसांत एकदा ते फिरून आले आणि दारातच म्हणाले, “ह्या रस्त्याचा पयला किलोमीटर लांब हाय.”

मी वैतागलेली होते. “बाबा, किलोमीटर किलोमीटरएवढाच असतो. लांब काय, आखूड काय?”

“आगं, मोजला म्या.”

“बरं, मोजलात. आता तुम्ही गप्प बसा हो जरा, मला हे लिहू दे.”

ते बसले गप्प. काठी कोपऱ्यात ठेवली आणि चहा मागितला. महिनाभर त्यांनी तो विषय काढला नाही.

तो विषय ताईने काढला. एका रविवारी सकाळी माझा तिसरा अर्ज परत आला होता आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. ताई म्हणाली, “तू सगळ्यांना विचारलंस गं. ज्या माणसाने आयुष्यभर रस्ता केला त्याला विचारलंस का?”

मला एकदम लाज वाटली. मी बाबांसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, “सांगा, काय मोजलंत?”

बाबांनी जराही भाव खाल्ला नाही. आमच्या रस्त्यावर अजून जुने दगड उभे आहेत, हे मी इतक्या वर्षांत नीट बघितलंच नव्हतं. दर दोनशे मीटरला एक छोटा दगड, त्यावर दोन, चार, सहा, आठ, आणि मग किलोमीटरचा मोठा. बाबा चालताना पावलं मोजतात, ती त्यांची जन्माची सवय. कुठल्याही दोन छोट्या दगडांमध्ये त्यांची तीनशे तीस पावलं होत होती, चार पावलं इकडे तिकडे. पण सिग्नलजवळच्या शून्याच्या दगडापासून पहिल्या, म्हणजे दोन आकड्याच्या दगडापर्यंत सहाशेच्या वर जात होती.

“येकदा चुकंल माणूस. म्या पाच येळा मोजलंय,” ते म्हणाले.

मी तडक उठून शाळेच्या पीटीच्या सरांकडून त्यांची मैदान आखायची लांब टेप मागून आणली. आम्ही तिघं खाली गेलो. ताई स्कूटरवर बसून वहीत आकडे लिहीत होती, मी टेपचं एक टोक धरलं, बाबांनी दुसरं. येणारे-जाणारे बघत होते. एकाने विचारलं, “काय, मेट्रो येतेय का इथून?” शून्यापासून दोनच्या दगडापर्यंत दोनशे मीटर यायला हवे होते. आले तीनशे ऐंशी.

बाबा शून्याच्या दगडापाशी वाकले, हाताने माती उकरली, दगडाचा पाया बघितला आणि म्हणाले, “ह्यो मागनं आणून बसवलाय. बाकीचे जुने हायती.” मग काठीने हमरस्त्यावरच पुढे, बंद केलेल्या जुन्या चौकाकडे दाखवलं. रहदारीसाठी कधी काळी तो चौक बंद झाला, सिग्नल इकडे सरकला आणि आमच्या रस्त्याचं तोंड वळवून नव्या सिग्नलला जोडलं. रस्ता एकशेऐंशी मीटरने वाढला. शून्याचा दगड उचलून नव्या तोंडाशी लावला, आणि बाकीचे दगड होते तिथेच राहिले.

तेवढ्यावर सगळं उलगडलं. खालच्या खात्याकडे रस्त्याचे पहिले चौदाशे मीटर. ते नव्या शून्यापासून चाकाने मोजायचे आणि चौदाशेला थांबायचे. वरच्या खात्याचा भाग एक किलोमीटर चारशेच्या दगडापासून सुरू, ते दगड बघून काम करायचे. कागदावर दोघांच्या हद्दी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. जमिनीवर मात्र दोघांच्या मध्ये एकशेऐंशी मीटर उरत होते, आणि ते आमच्या दारात. तो शिपाई चेष्टा करत नव्हता. कागदावर तो तुकडा खरंच नव्हता.

माझं डोकं भडकलं. मी म्हटलं, उद्याच दोन्ही ऑफिसांत जाऊन टेबलावर हे आपटते. बाबा म्हणाले, “भांडू नगंस. तू भांडलीस की त्ये कागुद दावत्यात. दोघांस्नीबी इथं बोलव. तुकड्यासाठी नगं. म्हणावं, तुमची हद्द कुठं संपती ती दावा. येकाच दिशी, येकाच टायमाला.”

मी दोन पत्रं लिहिली. दोन्हींत तोच मजकूर, आपली हद्द जागेवर दाखवून द्यावी, म्हणजे पुढे तक्रार करणार नाही. दीड वर्ष मला टाळणारी दोन्ही खाती या एका वाक्यावर यायला तयार झाली. माझा त्रास कायमचा संपतोय असं त्यांना वाटलं असणार.

ठरलेल्या दिवशी सकाळी अकराला खालच्या खात्याच्या इंजिनिअर आल्या. तरुण मुलगी, डोक्याला ओढणी बांधलेली, हातात अंतर मोजायचं चाक. त्या आपलं डांबर संपतं तिथे येऊन उभ्या राहिल्या. वरच्या खात्याचे साहेब निवृत्तीला आलेले, ते एक किलोमीटरच्या पुढच्या चारच्या दगडापाशी छत्री उघडून उभे राहिले. आम्ही मध्ये, आमच्या दारात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाई वर बघताहेत, साहेब खाली बघताहेत, आणि दोघंही वाट बघताहेत की समोरचा आपल्यापर्यंत येईल. मला हसू आवरेना. ताईने तर तोंडात पदर कोंबला.

शेवटी बाबांनीच दोन्ही बाजूंना हात केला. “या, च्या घ्या!”

चहाला नाही म्हणायची दोघांचीही हिंमत नव्हती, कारण ऊन रणरणत होतं. बाई वर चढल्या, साहेब खाली उतरले, आणि आमच्या दारातल्या खड्ड्याच्या काठावर दोघं समोरासमोर आले.

“हा तुकडा तुमचा ना?” साहेब म्हणाले.

“नाही सर. माझं तिथे संपतं. एक चारशे. मी स्वतः चाक फिरवलंय.”

“आणि माझं चारच्या दगडापासून. दगड काय खोटं बोलतो?”

दोघंही खरं बोलत होते आणि दोघांच्याही चेहऱ्यावर ते दिसत होतं. बाबा कप घेऊन पुढे झाले. “म्याडम, तुमचा पयला किलोमीटर लांब हाय. येकशेऐंशीनं.”

बाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. “बाबा, तुम्ही कोण? म्हणजे, तुम्हाला हे कसं माहीत?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझी ती ‘सरकारी नोकरी’ त्यांनाही माहीत होती, हे मला त्या नजरेत कळलं. इतकी वर्षं त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, “मैलकुली होते ते. आठ किलोमीटर रस्ता तीस वर्षं सांभाळलाय त्यांनी.” माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली.

बाईंनी कप खाली ठेवला आणि हातातलं चाक बाबांपुढे धरलं. “चला, तुम्हीच फिरवा.”

बाबांनी काठी माझ्याकडे दिली. सिग्नलपाशी जाऊन त्यांनी चाक शून्याच्या दगडाला टेकवलं आणि चालायला लागले. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला छत्रीवाले साहेब, मागे आम्ही. बाबा एकदाही थांबले नाहीत. दोनच्या दगडापाशी चाकावर आकडा होता तीनशे ऐंशी. बाईंनी वाकून तो वाचला, परत वाचला. साहेबांनी छत्री मिटली आणि मोठ्याने हसले. “अहो, शून्य हलवलं आणि वहीत कुणी लिहिलंच नाही! माझ्या आधीच्याने नाही, मीही नाही.”

तिथेच, चहाच्या टपरीच्या बाकावर बसून, दोघांनी संयुक्त पाहणीचा कागद केला. खालच्या खात्याची हद्द एक चारशेऐवजी एक पाचशे ऐंशी. रस्त्याची एकूण लांबी दोन किलोमीटर तीनशेऐवजी दोन चारशे ऐंशी. साक्षीदार म्हणून बाबांनी सही केली. त्यांची सही मोठी, वळणदार आहे, आणि त्या दिवशी ती कागदाच्या पार कडेपर्यंत गेली. नंतर तो कागद बऱ्याच टेबलांवरून फिरला आणि त्याच्या मागे मी फिरले, पण आता माझ्या हातात भांडणाऐवजी आकडा होता आणि खिडकीवरची माणसं मला बसायला खुर्ची देत होती.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रोलर आला. बाबा सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले. खडी पसरली तेव्हा त्यांनी मुकादमाला हाक मारली, “मधी उंच धर की! सपाट केलंस तर पाणी कुठं जाईल?” मुकादमाने हात झटकला. बाबा उठले, दोरी मागितली, एक टोक या कडेला, एक त्या कडेला धरायला लावलं. मधोमध दोरी आणि खडी यांच्यात बोट जाईल एवढी फट. तितक्यात इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी दोरी बघितली आणि मुकादमाला म्हणाल्या, “बाबा सांगतात तसं कर.” मधला भाग परत भरला. संध्याकाळपर्यंत आमच्या दारात काळीभोर, वाफाळती पट्टी तयार झाली आणि सगळ्या गल्लीला डांबराचा वास सुटला. मला तो वास आवडतो. बाबा कामावरून यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना यायचा, आणि मी तेव्हा नाक मुरडायचे.

सोमवारी सकाळी ताई ऑफिसला निघाली. प्लॅस्टर निघाल्यापासून ती निघाली की मी स्कूटरच्या मागची दांडी धरून तो तुकडा पार होईपर्यंत तिच्याबरोबर धावायचे, त्याही दिवशी मी सवयीने दांडी धरली. ताईने मान वळवली.

“हात काढ ना.”

मी हात काढला. ती गेली. आमच्या दारापासून खाली सिग्नलपर्यंत तिची स्कूटर एकदाही डुलली नाही. बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, आणि आम्हा दोघांनाही रडू आलं ते आम्ही लपवलं नाही.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा दारात थांबली नाही. हॉर्न वाजवत वर वस्तीपर्यंत गेली, जिथे ती त्या तुकड्यामुळे वर्षानुवर्षं गेली नव्हती, आणि वळून आली. हेल्मेट काढता काढता म्हणाली, “चेंबूरच्या बाईंना फोन लाव. खोली नको म्हणून सांग.”

“तूच सांग.”

“तू सांग गं. दीड वर्ष भांडलीस, हे तू सांगायचं.”

मी फोन लावला. पलीकडून बाईंनी विचारलं, काय झालं, खोली आवडली नाही का. मी दारात उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “खोली चांगली आहे हो. पण माझी बहीण तिच्या स्वतःच्या घरी राहणार आहे.”